नवा धंदा आणि गाठीचा अनुभव

गावात कोणी नवा धंदा काढायला निघाला, की पारावर पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. ‘भांडवल कुठून उभे केले?’ दुसरा निघतो जागेचा. तिसरा प्रश्न मात्र उशिरा येतो आणि पुष्कळदा तो दुकानाला कुलूप लागल्यावरच येतो. ‘काय हो, त्याला या धंद्याचा काही अनुभव होता का?’ आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या तिसऱ्या प्रश्नाविषयी.

अनुभव असलेला बरा आणि नसलेला वाईट, एवढेच सांगायचे असते तर त्यासाठी नभोवाणीवर भाषण करण्याची गरज नव्हती. खरी अडचण त्यापुढे आहे. वीस वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर घालवलेला माणूस स्वतःची पेढी काढतो आणि तिसऱ्या दिवाळीला घरचे दागिने गहाण टाकतो. उलट, एकदा चांगलीच ठेच लागलेला माणूस दुसऱ्यांदा उभा राहतो आणि पन्नास माणसांना कामाला लावतो. दोघांच्याही गाठी अनुभव होता. मग एकाला तो तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो, हे कसे?

शेतकरी मंडळींना याचे उत्तर सांगण्याची गरज पडू नये. खळ्यावर रास पडली म्हणजे ती सगळीच बियाण्याला चालत नाही. त्यातले टपोरे, किडके नसलेले दाणे निवडून ठेवावे लागतात. अनुभवाचेही तसेच आहे. मागच्या धंद्यातून माणूस जे बरोबर आणतो त्यातले काही नव्या जमिनीत रुजणारे असते, काही नुसते खाऊन संपवायचे असते आणि काही तर फेकून देण्याच्याच लायकीचे असते. जो निवड करतो त्याला अनुभव हे भांडवल होते. जो करीत नाही त्याला तेच ओझे होते. हे मी नुसते तर्काने सांगत नाही. आपल्याच मुलखातली दोन-तीन उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. किर्लोस्करांचा नांगर म्हटले, की जुन्या शेतकऱ्यांना वेगळे काही सांगावे लागत नाही. पण लक्ष्मणरावांची सुरुवात नांगराने झाली नाही. १८६९ साली जन्मलेला हा मुलगा मुंबईला गेला तो चित्रकार व्हायला. तिथे असे लक्षात आले, की त्याला काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. रंग गेले, पण रेघ शिल्लक राहिली. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात तो विकीत. पुढे इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले.

आता हे पाहा. त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. दोन चाकांवर माणूस पडल्यावाचून राहील कसा, हीच लोकांना शंका. म्हणून किर्लोस्कर बंधू नुसती सायकल विकून थांबले नाहीत. रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवीत आणि मोडली तर दुकानातच ती दुरुस्तही होई.

यानंतर लक्ष्मणराव वळले ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे. आता सायकल आणि नांगर यांचा काय संबंध? शहरातल्या वकिलाने किंवा डॉक्टराने घ्यायची वस्तू ती, आणि शेतकऱ्याने बैलांच्या मागे धरायची वस्तू ही. माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळे, हंगाम वेगळा. पण एक गोष्ट दोन्हीकडे अगदी सारखी होती, ती म्हणजे नव्या वस्तूविषयीची भीती. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष भिनते, अशी समजूत त्या वेळी शेतकऱ्यांमध्ये होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. दुसरा कोणी असता तर ‘हे लोक अडाणी आहेत’ असे म्हणून नांगर भंगारात घालून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांना मात्र गिऱ्हाइकाची भीती ओळखीची होती. भ्यालेल्या माणसाला वस्तूचे गुण ऐकवून भागत नाही. ती वापरून दाखवावी लागते आणि विकल्यानंतरही त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते, हा धडा सायकलीच्या दुकानात गिरवून झालेला होता. माझ्या मते त्या दुकानातून नांगराच्या कारखान्यात आलेली खरी पुंजी हीच. नफ्याचे चार पैसे आले असतील, पण ते केव्हाच संपले असते.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि कर्जाऊ मदतही केली. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्यानंतर उसाचे चरक झाले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे झाली, पाण्याचे पंप झाले. वस्तू बदलत गेल्या, पण गिऱ्हाईक बदलले नाही. नांगर विकताना ज्या शेतकऱ्याची ओळख झाली त्याचीच पुढची गरज कोणती, एवढे पाहत गेले. मागचा अनुभव नव्या धंद्याला वाट दाखवतो म्हणतात ते असे. सायकलीतून नांगराकडे येताना गिऱ्हाइकाला समजावण्याची रीत कामी आली आणि नांगरातून पंपाकडे जाताना गिऱ्हाइकाची ओळख कामी आली. दोन्ही वेळा निवडलेला दाणा वेगळा होता, हे लक्षात ठेवा.

दुसरे उदाहरण जमशेटजी टाटांचे. हे मुद्दाम घेतो, कारण यात अपयशाचा अनुभव आहे, आणि अपयशाला आपल्याकडे कोणी अनुभव म्हणत नाही.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. जो तो वायदे करू लागला, नव्या कंपन्यांचे भाग घेऊ लागला. टाटांची पेढीही त्या लाटेवर होती, आणि तरुण जमशेटजी पेढीच्या कामासाठी लंडनला गेले होते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्याजवळच्या हुंड्या-रोख्यांना कागदाची किंमत आली. परक्या मुलखात, सावकार दाराशी, वय पंचविशी-सव्विशीचे. जमशेटजी पळाले नाहीत. त्यांनी देणेकऱ्यांपुढे सगळा हिशेब उघडा करून ठेवला. त्यांचा सचोटीवर इतका विश्वास बसला, की पेढीचा व्यवहार आवरण्याचे काम त्यांनी जमशेटजींवरच सोपवले.

या बुडण्यातून जमशेटजींनी काय घेतले? नुसत्या भावाच्या चढउतारावर उभा राहिलेला धंदा म्हणजे वाळूवरचा वाडा, ही एक गोष्ट. कापसाची खोलवर माहिती, ही दुसरी. आणि हिशेब न लपवणाऱ्या माणसाची पत बुडत्या काळातही टिकते, ही तिसरी. १८६९ च्या सुमारास त्यांनी मुंबईत चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापसाची गिरणी केली आणि दोनेक वर्षांत ती नफ्याने विकली. त्यानंतर ते लँकशायरला जाऊन गिरण्यांचे काम बारकाईने पाहून आले. आणि मग त्यांनी असा निर्णय घेतला, की पुष्कळांना तो वेडेपणाचा वाटला. बहुतेक गिरण्या मुंबईत उभ्या राहत असताना ते नागपूरला गेले. कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी, कोळसा जवळ हवा आणि आगगाडी दाराशी हवी, हा त्यांचा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. ती गिरणी पुढे काळाच्या ओघात बंद पडली, पण शतकाहून अधिक काळ तिने नागपूरला रोजगार पुरवला.

त्या गिरणीचा कारभार त्यांनी कोणाच्या हाती दिला, तेही ऐकण्यासारखे आहे. बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालवाहतुकीच्या खात्यातले अधिकारी. सूत कसे काततात, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण हजार पोत्यांचा हिशेब, वेळापत्रक आणि माणसांकडून काम करून घेणे, यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जमशेटजींनी खात्याचे नाव पाहिले नाही, माणसाने तिथे काय कमावले ते पाहिले. अनुभव निवडायचा तो असा.

पण श्रोतेहो, एवढ्यावर मी थांबलो तर ते अर्धेच सांगणे होईल. १८८६ साली याच जमशेटजींनी मुंबईजवळ कुर्ल्याला धरमसी मिल नावाची एक मोडकळीस आलेली गिरणी विकत घेतली. तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. चिंचपोकळीची मेलेली गिरणी जिवंत करून दाखवली होती, नागपूरची गिरणी जोरात चालली होती. मग ही का चालणार नाही? पण ती चालेना. यंत्रे आतून पार झिजलेली होती. माल बिघडू लागला, भागांची किंमत उतरली, लोक कुजबुजू लागले. एम्प्रेसमधले स्वतःचे भाग विकून जमशेटजींना त्यात पैसा घालावा लागला. नागपूरची कसलेली माणसे आणावी लागली, जुनी यंत्रे काढून नवी बसवावी लागली. तेव्हा कुठे काही वर्षांनी ती गिरणी सावरली.

इतक्या जाणत्या माणसाचे असे का व्हावे? अपयशाचा हिशेब माणूस दहा वेळा मांडतो, कारण ते त्याला झोपू देत नाही. यशाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ते आपल्या हुशारीच्या खात्यावर जमा करून मोकळा होतो. पहिल्या वेळी गिरणी का चालली? आपल्या कर्तबगारीने किती, यंत्रे बरी होती म्हणून किती आणि बाजार चढता होता म्हणून किती? ही वाटणी केली नाही, तर दुसऱ्या वेळी माणूस जुनीच किल्ली नव्या कुलपाला लावीत बसतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही म्हण आपल्याला पाठ आहे. पण ज्याचे तोंड कधी पोळलेच नाही तो उकळते दूधही घटाघट पितो, याची मात्र आपल्याकडे म्हण नाही. असायला हवी होती.

आता आपल्या गावाकडे येऊ. समजा, एखादा गडी तेलाच्या घाण्यावर पंधरा वर्षे कामाला आहे. यंत्राचा आवाज बदलला तरी त्याला बिघाड कळतो. त्याला वाटते, आपला घाणा का काढू नये? जरूर काढावा. पण त्याने एकदा स्वतःला विचारावे, की पंधरा वर्षांत मी नक्की काय पाहिले? मी यंत्र पाहिले. शेंग कोणत्या महिन्यात घ्यायची आणि किती भरून ठेवायची, हे शेटजी ठरवीत होते. उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला हसून नाही म्हणायचे, हेही शेटजीच ठरवीत होते. पेंड उचलली नाही तर पैसा किती दिवस अडकून पडतो, ते शेटजींच्या वहीत होते आणि ती वही माझ्या हाती कधीच आली नाही. म्हणजे याच्या गाठी अनुभव आहे तो घाण्याचा, तेलाच्या धंद्याचा नव्हे. नोकरीचा अनुभव आणि मालकीचा अनुभव यांत हेच अंतर आहे. नोकराला पगाराची तारीख येते, मालकाला ती द्यायची असते.

याचा अर्थ त्या गड्याने धंदा करूच नये असा नाही. आपल्याजवळ काय नाही ते त्याला कळले, तर ते मिळवण्याचे मार्ग आहेत. सहा महिने खरेदीच्या बाजारात अडत्याजवळ बसावे. उधारीची वही ज्याने सांभाळली आहे असा भागीदार घ्यावा. पहिल्या वर्षी दुसऱ्याची शेंग मजुरीने गाळून द्यावी, म्हणजे मालात पैसा अडकत नाही आणि बाजार मात्र कळतो. जमीन गहाण टाकण्याआधी एवढे केले, तर त्या जमिनीवर निजणाऱ्या लेकरांचे भले होईल. सातबारावर बोजा चढवायला एक दिवस पुरतो, तो उतरवायला कधीकधी दोन पिढ्या लागतात.

एकट्याजवळ पुरेसा अनुभव नसेल, तर तो अनेकांनी मिळूनही जमवता येतो. नगर जिल्ह्यातील लोणीचे उदाहरण पाहा. विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यासाठी कंबर बांधली, तेव्हा साखर कारखाना चालवलेला शेतकरी तिथे कोण होता? पण १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली होती. कोणाला कर्ज द्यावे, वसुली कशी करावी, सभेत भांडण निघाले तर ते कसे मिटवावे आणि चार गावांचा विश्वास कसा टिकवावा, याचा पाव शतकाचा अभ्यास त्यांच्यापाशी होता. जे त्यांच्यापाशी नव्हते, त्यासाठी त्यांनी दुसऱ्यांची साथ घेतली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० साल संपता संपता गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांचा भागधारकांवर विश्वास, शेतकऱ्याचा शेतकऱ्यावर विश्वास, हे त्या कारखान्याचे पहिले यंत्र होते आणि ते पतपेढीतच घडले होते.

अलीकडच्या काळात परदेशांतल्या विद्यापीठांतूनही या विषयाचा अभ्यास होऊ लागला आहे. अमेरिकेत शिकवणाऱ्या भारतीय वंशाच्या सरस सरस्वती या विदुषींनी मुरलेल्या २७ उद्योजकांना एका नव्या धंद्याविषयीचे काल्पनिक प्रश्न घालून, ते मोठ्याने विचार कसा करतात ते नोंदवले. २००१ साली त्यांनी त्यावर आधारलेला विचार मांडला. नवखा माणूस आधी मोठे ध्येय ठरवतो आणि मग त्याला लागणारी साधने शोधत हिंडतो. मुरलेला माणूस बहुधा उलट चालतो. तो आधी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. मी कोण आहे? मला काय येते? माझी ओळख कोणाकोणाशी आहे? आणि मग, नुकसान झालेच तर किती सोसवेल, हे आधी ठरवून तेवढाच पाय पुढे टाकतो. आपल्या आजीबाई अंथरूण पाहून पाय पसरायला सांगत, त्यात याहून वेगळे काय होते? मात्र एक भर घातली पाहिजे. आपले अंथरूण नेमके किती लांब आहे, हे मोजण्याची गजपट्टी म्हणजे मागचा अनुभव.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द सांगतो. तुमच्या वर्गात बाजारच्या दिवशी आईबरोबर भाजी विकायला बसणारी मुले असतात. बापाच्या टपरीवर गल्ला सांभाळणारी असतात. त्यांच्यापाशी जो अनुभव आहे तो त्यांच्या स्वतःच्याही लक्षात नसतो, कारण त्याला शाळेत गुण मिळत नाहीत. कधी एखाद्या सोमवारी गणिताच्या तासाला विचारून पाहा. कालच्या बाजारात काय विकले, काय उरले, का उरले, आणि पुढच्या बाजाराला काय कमी न्याल? ते चार ओळींत लिहायला लावा. अनुभव अंगावरून वाहून जातो. त्याचा बांध घालायचा तर तो लिहून काढावा लागतो. ज्याला लहानपणी ही सवय लागली, तो मोठेपणी धंदा करो वा नोकरी, आपली रास निवडायला शिकतो.

आणि शेवटची गोष्ट सर्वांसाठी. गावात एखाद्याचा धंदा बुडतो. वर्ष-दोन वर्षांनी तो पुन्हा काहीतरी मांडायच्या खटपटीला लागतो. अशा वेळी पारावरून आवाज येतो, ‘पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!’ आणि माणसे हसतात. भागीदार मिळत नाही, पतपेढी दार लावून घेते, सासुरवाडीला मान खाली घालावी लागते. तो माणूस मग शहराची वाट धरतो आणि त्याच्याबरोबर गावाने महागात घेतलेला धडाही निघून जातो. हसण्याआधी त्याला एकच विचारा. मागच्या वेळी काय चुकले, हे तू आम्हाला सांगू शकतोस का? तो बाजाराला, नशिबाला आणि भावकीला शिव्या देत बसला, तर तुमचे पैसे जपून ठेवा. पण त्याने लंडनमधल्या त्या तरुणासारखी आपली वही उघडून पुढे ठेवली, कोणत्या पानावर तोल गेला ते बोट ठेवून दाखवले, तर हा नवखा माणूस नव्हे. याने आपले बियाणे निवडून आणले आहे. त्याला पेरायला जमीन द्या.